विमलच्या सावनीचं वाण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? काय की! पण आता पोटात ठेववत नाही.

काचीगुड्याला आमच्या शेजारी विमल राहायची, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या अंगणात सावनीचं झुडूप होतं — कमरेएवढंच, पण पावसाळ्यात गुलाबी फुलांनी नुसतं लगडायचं. थंडीत मात्र पान न् पान गळायचं, उरायच्या काड्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी तेच बेगम बाजारातले प्लास्टिकचे डबे! म्हणून पावसाळ्यातच मी तिला म्हटलं, यंदा सावनीची रोपं लूट की. हौ — कल्पना माझी. तिनं फांद्या लावल्या, जिवापाड जपल्या. संक्रांतीला त्यांच्यावर पान नव्हतं. "चैत्रात फुटतील," ती प्रत्येकीला सांगत होती. बायका तोंडावर हसल्या आणि घरी जाऊन रोपं फेकून मोकळ्या झाल्या. मी माझं मागच्या दारी लावलं.

त्याच दिवसांत सरकारच्या नव्या आर्थिक धोरणापायी कारखाने धडाधड बंद पडायला लागले. गल्लीतल्या कुलकर्णीवहिनींच्या यजमानांची नोकरी गेली. झालं! सवाशिणीला वाळकी काडी दिली म्हणूनच हे घडलं, असं जो तो बोलू लागला. विमलचं झाड हिरवंगार, आम्हाला मात्र मेलेली रोपं — असंही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं. विमल माझ्याकडे वळली. किती खात्रीनं बघत होती हो ती!

"तुझं फुटलं ना गं?"

फुटलं होतं. सकाळीच मी त्याची कोवळी पानं पाहिली होती. पण हो म्हणून तिची बाजू घेतली असती, तर ही कल्पना कुणाची, हेही निघालं असतं ना? वहिनींच्या तोंडाचा तो पट्टा माझ्याकडे वळला असता. माझ्या हातात आंब्याच्या डाळीची वाटी होती. तिच्यात बघत मी म्हटलं — "नाही गं. मेलं."

विमल उठली, वहिनींच्या पाया पडली, चुकलं म्हणाली. त्यांनी पाय मागं घेतले. मी डाळ खात राहिले.

घरी येऊन मी ते रोप उपटलं. लवकर निघेना, मुळं चांगली धरली होती. त्यानंतर विमलनं कुणाला कधी रोप दिलं नाही. आपल्या हाताला यश नाही, असं ती अजून म्हणते — आणि मी ऐकून घेते.