कुल्फीवाले वलीभाई आणि क्लबची शवपेटी

परंड्याच्या बसस्टँडसमोर, कुर्डुवाडीच्या गाड्या लागतात त्या बाजूला वलीभाईंचं कुल्फीचं दुकान आहे. त्यांचे वडील समद हातगाडीवर बर्फाचा गोळा विकायचे. ऊन तापलं की पोरं गाडीमागं पळायची आणि मोठी माणसं ओट्यावर बसूनच हाक मारायची, "ए बर्फवाल्या!" ती हाक वलीभाईंनी लहानपणी इतकी ऐकली होती की पुढं स्वतःचं दुकान झालं, डीप फ्रीझर आले, काचेचं दार बसलं, तरी मागून कुणी मोठ्यानं ओरडलं की त्यांचे खांदे आपोआप आखडायचे.

म्हणून कापडदुकानदार योगीराज एकदा लस्सी पिता पिता म्हणाले, "वलीभाई, आमच्या सेवा क्लबात या की," तेव्हा वलीभाईंना आधी चेष्टाच वाटली. क्लब म्हणजे डॉक्टर, वकील, हायस्कूलचे सर. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्यांची बैठक भरायची. पंधरा-वीस खुर्च्या, टेबलावर पितळेची घंटा, मागं मळलेला बॅनर. घंटा वाजली की प्रार्थना, मग कुणाचा वाढदिवस असेल तर टाळ्या, मग नेत्रशिबिर, झाडं, शाळेतल्या पोरांची दप्तरं असे विषय, आणि शेवटी राष्ट्रगीत. वलीभाई पहिल्या गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि अगदी कडेच्या खुर्चीवर बसले. क्लबाचे सगळ्यात जुने सभासद बब्रुवान सर. निवृत्त मास्तर, एकटेच राहायचे. ते म्हणाले, "या वलीभाई, असे पुढं या." भर बैठकीत, सगळ्यांसमोर 'वलीभाई'! त्या दिवसापासून त्यांनी गुरुवार चुकवला नाही. बोलायचे मात्र काही नाहीत. शिबिराला जारचं पाणी पोचवायचे, सतरंज्या उचलायचे, आणि परत कडेच्या खुर्चीवर.

मग क्लबाला शवपेटी मिळाली.

मुंबईत स्थायिक झालेल्या एका माणसानं आईच्या नावानं ती दिली होती. काचेच्या झाकणाची, खाली मशीन बसवलेली, आतून गार राहणारी. तिची गरज होतीच. तालुक्यातली निम्मी पोरं पुण्याला कामाला. इकडं म्हातारं माणूस गेलं की पोरगा रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरून, मिळेल ती गाडी धरून घरी येईपर्यंत वाट बघायची, आणि आमच्याकडचं ऊन तर वाट बघू देत नाही. पेटी घ्यायची यावर बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं. ठेवायची कुठं आणि घेऊन जायचं कुणी, हे विचारल्यावर मात्र सगळे टेबलावरच्या घंटेकडं बघायला लागले.

"वलीभाई," कुणीतरी म्हणालं, "तुमचा तर धंदाच थंडाव्याचा. मशीनीतलं तुम्हालाच कळणार."

सगळे हसले. वलीभाईही हसले. एवढ्या गुरुवारांत बैठकीनं त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ते 'हो' म्हणून मोकळे झाले.

घरी त्यांची बायको मिनाज भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि तिचा हात परातीतच थांबला. घरात दोघं दखनी-मराठी मिसळून बोलत. "तुमना किसने बोल्या था हौ बोलने कू?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आणि लोक काय म्हणतील, कुल्फी विकणारा माणूस मढ्याची पेटी घेऊन फिरतो?"

"सवाबचं काम आहे," वलीभाई म्हणाले. पुण्याईच्या कामाला कोण नावं ठेवणार, असं त्यांना खरंच वाटत होतं.

पेटी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. पहिलाच फोन आला आनाळ्याकडच्या एका वस्तीवरून. दगडाबाई नावाच्या बाईंचा नवरा पहाटे गेला होता आणि मुलगा पुण्याहून निघाला होता. वलीभाईंनी ओळखीचा टेम्पो केला. अंगणात माणसं गोळा झाली होती. पेटी ओसरीवर ठेवली, वायर जोडली, चार जणांनी म्हाताऱ्याला आत निजवलं, काच लागली. मशीन घरघरायला लागली तशा दगडाबाई पुढं आल्या. त्या रडत नव्हत्या. काचेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आत लई गार आसंल का हो?"

वलीभाई वायर सोडून त्यांच्याकडं वळले.

"न्हाय, ह्यांना थंडी सोसत न्हाय," दगडाबाई म्हणाल्या. "कार्तिकापासनं दोन दोन घोंगड्या घ्यायचे. म्या म्हनायची, म्हातारं झालात आता. जरा कमी व्हत न्हाय का ते?"

वलीभाई खाली वाकले. पेटीच्या बाजूला बटण होतं, त्यावर त्यांनी हात ठेवला, फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "केलं कमी, काकू. आता बरं वाटेल त्यांना."

"व्हय?" असं म्हणून दगडाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या आणि मग मोकळं होऊन रडल्या. मुलगा दुपार कलता पोचला. तोवर वलीभाई अंगणातल्या लिंबाखाली बसून होते. त्यांना कुणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. टेम्पोत परत येताना त्यांना वाटलं, हे काम आपल्याला जमतंय.

जमतही होतं. ते मशीनीची काळजी घेत, पेटी परत आली की स्वतः धुऊन पुसून ठेवत. कुणाच्या दारात मोठ्यानं बोलत नसत. वायर कुठून घ्यायची, माणसं कुठून येणार, एवढंच विचारत. हिंदूंच्या घरी कुठपर्यंत जायचं हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. तसल्या वेळी लोकच हात धरून आत नेत. गुरुवारी बैठकीत अहवाल द्यायचा असे. उभं राहून चार वाक्यं बोलायची त्यांना सवय झाली. आता पुढची खुर्ची त्यांची होती.

पण गाव लहान. वलीभाई टेम्पोत पुढं बसलेले दिसले की लोक विचारायला लागले, "कोण गेलं?" ते नुसते बाजारात भाजी घ्यायला आले तरी एखादी म्हातारी पदर सावरून बाजूला होई. मग शाळेची पोरं दुकानावरून जाताना एकमेकांना म्हणायला लागली, "तिथली खाऊ नको रे, त्या पेटीतच गोठवतात." पोरांचं काय मनावर घ्यायचं? पण पोरांच्या आया पण तेच म्हणत होत्या, फक्त हळू. त्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, दुकानातली बाकडी दुपारभर मोकळी राहिली. मिनाज रोज संध्याकाळी उरलेल्या कुल्फ्या मोजून परत फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि तेच वलीभाईंना जास्त लागायचं.

घाव बसला तो वैशाखात. दगडाबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्या मुलानं स्वतः येऊन मांडवातल्या कुल्फीचं वलीभाईंना सांगितलं होतं. लग्नाला चार दिवस राहिले असताना तो परत आला. दुकानात न शिरता पायरीवरच उभा राहिला.

"वलीभाई, तुमचे उपकार आमी इसरलो न्हाय," तो म्हणाला. "पर नवऱ्याकडची माणसं ऐकंनात. म्हनले, शुभकार्यात त्या माणसाच्या हातचं नको. माझी मान खाली गेली. आई तर दोन दिस झालं जेवली न्हाय."

"आईला सांगा, वलीभाईला राग नाही," वलीभाई म्हणाले. "पोरीचं नीट होऊ द्या."

तो गेल्यावर त्यांनी काचेचं दार लोटलं आणि फ्रीझरला टेकून बसले. वडिलांच्या वाट्याचं 'ए बर्फवाल्या' परवडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. त्या हाकेबरोबर पोरं निदान गाडीकडं पळत यायची.

गुरुवारी बैठकीत अहवालाची वेळ आली तेव्हा वलीभाई उभे राहिले, पण अहवाल त्यांनी दिला नाही.

"पेटी माझ्याकडनं घ्या," ते म्हणाले. "काम वाईट नाही. पण माझ्या हातचं आता कुणी खात नाही. मला घर चालवायचंय."

एक वकील म्हणाले, एवढा त्रास असेल तर ही सेवाच बंद करावी, एखाद्या ट्रस्टला देऊन टाकू. दोघातिघांनी माना हलवल्या. तेव्हा बब्रुवान सर काठीवर भार देऊन उठले. सर मोठ्यानं बोलत नसत, त्यामुळं सगळ्यांना पुढं वाकावं लागे.

"बंद कशाला करायची?" सर म्हणाले. "मरण सगळ्यांच्या घरी येतं, आणि भीती आपण सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. गाव काय करणार? त्याला वलीभाईच दिसणार. आता पाळी लावा. पेटी माझ्या पुढच्या खोलीत ठेवा, मला तिची सोबत होईल. पहिली पाळी मीच घेतली असती, पण माझ्याच्यानं उचलवत नाही."

योगीराज म्हणाले, "पहिली माझी घ्या." हे ते कसे म्हणाले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

पुढचे काही आठवडे वलीभाई मोकळे होते. फोन वाजला तरी दुकान सोडून पळावं लागत नव्हतं. पण एके सकाळी त्यांच्याच गल्लीतली द्वारकाबाई गेली. तिच्या मुली लांबून यायच्या होत्या. शेजारी म्हणून वलीभाई आधीच तिथं होते. योगीराज पेटी घेऊन आले, सगळं व्यवस्थित जोडलं, आणि मग कोपऱ्यात उभे राहून मोबाइल काढत होते, खिशात ठेवत होते, परत काढत होते. बाहेर गल्लीत आल्यावर त्यांनी वलीभाईंचा दंड धरला.

"तुम्ही काय बोलता हो अशा वेळी?"

"काहीच नाही," वलीभाई म्हणाले. "बसायचं फक्त. ते बोलतात."

"बसवत नाही हो," योगीराज म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या वडिलांच्या वेळेला मी सुरतेला होतो. बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं त्यांना. मी आलो तर खाली सगळं पाणी."

मग दोघं द्वारकाबाईच्या ओट्यावर मुली येईपर्यंत बसून राहिले.

पुढच्या गुरुवारी योगीराजांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना. गावातलं एक मोठं घर प्रत्येक लग्नाच्या कपड्यांचा बस्ता त्यांच्याकडं बांधायचं. यंदा ती मंडळी दुकानावरून सरळ बार्शीला गेली. "माझ्या साड्या काय पेटीत ठेवतो का मी?" योगीराज म्हणाले. सगळी खोली हसली, आणि मग एकेकाची नजर वलीभाईंकडं वळली. वलीभाईंनी उन्हाळाभर काय सोसलं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

त्याच बैठकीत ठरलं की पेटीबरोबर दर वेळी दोघांनी जायचं, आणि जोडी दर वेळी बदलायची. दातांच्या डॉक्टर वैष्णवी म्हणाल्या, "माझंही नाव घाला. बायका गेल्यावर घरात बाई आलेली बरी." कुणा एकाचं तोंड बघून गावानं मरण ओळखायचं, तेवढं तरी थांबेल अशी सगळ्यांची आशा होती. आणखीही एक वैष्णवींनीच सुचवलं. बैठक संपली की घरी जाण्याआधी सगळ्यांनी स्टँडसमोर जायचं आणि वलीभाईंकडं कुल्फी खायची, उघड्यावर, बाकड्यांवर बसून.

त्या संध्याकाळी सगळे गेले. वैष्णवींचा दवाखाना तर शेजारच्याच गल्लीत, दात दाखवायला येणारे लोक त्यांना कुल्फी खाताना बघून थबकले. बब्रुवान सरांना साखरेचा आजार होता, तरी त्यांनी अर्धी खाल्ली. वलीभाई काड्या हातात देत होते, पण त्यांना ते अवघड होत होतं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी हात जोडले. "आता पुरे. तुमची पोटं बिघडली तर तेवढं आणखी माझ्या नावावर येईल." लोक हसले, पण त्यांचं म्हणणं सगळ्यांना समजलं. दयेची कुल्फी विकायची त्यांना सवय नव्हती.

धंदा पहिल्यासारखा झाला असं नाही. गावातल्या लग्नांची काही घरं सुटली ती सुटलीच. पण बसमधून उतरणारे लोक काही विचारत नाहीत, त्यांना ऊन लागलेलं असतं. मिनाजनं ताकाचे मटके सुरू केले, ते चालले. शेजारच्या गल्लीतली पोरं हळूहळू परत आली, कारण योगीराजांची, सरांची, डॉक्टरीणबाईंची सगळ्यांचीच नावं पेटीला लागली होती, आणि सगळ्यांनाच टाळायचं म्हटलं तर गावात जगायचं कसं? दगडाबाई एकदा बाजारच्या दिवशी आल्या, दुकानात मधोमध बसून कुल्फी खाल्ली आणि जाताना मिनाजच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. मिनाज त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती.

परवाच्या गुरुवारी बैठक चालू असताना फोन आला. पाळी वैष्णवींची आणि बसवराज यांची होती. बसवराज बँकेत बदलून आलेले, क्लबात नवे, अशा कामाला पहिल्यांदाच निघालेले. ते उठले खरे, पण दारापर्यंत जाऊन परत वलीभाईंच्या खुर्चीपाशी आले.

"वलीभाई, तिथं जाऊन काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी चपला बाहेर काढा," वलीभाई म्हणाले. "वायर बघून घ्या. नंतर कुणी बसा म्हणेल, तर नाही म्हणू नका. चहा दिला तर प्या. बाई काही विचारायला लागली तर 'हो' म्हणा, ती जे विचारते त्याला."

"कशालाही 'हो'?"

"कशालाही," वलीभाई म्हणाले, आणि जरा विचार करून स्वतःच उठले. "चला, टेम्पोपर्यंत येतो तुमच्याबरोबर."