बाण खाणारी गोधडी

आमच्या गावात धनुष्यबाण म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं रामायण आठवायचं, नाहीतर मतदानाचं चिन्ह. त्यामुळं शाळेच्या मागच्या पटांगणात पोरांना तिरंदाजी शिकवायचा क्लब निघणार, असं ऐकल्यावर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न केला, "का बे, इलेक्शन आलं का परत?"

क्लब काढला तो गावातल्याच एका घरच्या सुनेनं. माहेरी असताना ती राज्यापर्यंत खेळलेली पोरगी. लग्न होऊन इथं आली, बरोबर एका लांब पिशवीत तिचं धनुष्य आलं. सासूला वाटलं, तंबोरा हाय! दोन वर्षं ती पिशवी कपाटावर पडून होती. मग एक दिवस तिनं ती खाली काढली, शाळेत गेली, हेडमास्तरांना भेटली, आणि पोरांच्या आयांना एकेकीला घरी जाऊन सांगू लागली. सगळी पोरं तिला मॅडम म्हणायला लागली. मग आम्हीही म्हणायला लागलो. सुनेला मॅडम म्हणायची सवय व्हायला वेळ लागतो, पण होते.

पहिल्या दिवशी तमाशा बघायला आल्यासारखं गाव जमलं. मॅडमनी बांबूची छोटी धनुष्यं पोरांच्या हातात दिली आणि दोरी कशी धरायची ते दाखवायला लागल्या. तेवढ्यात पारावरचे तेच म्हातारबा म्हणाले, "अंगठा सांभाळा गं बायांनो, गुरू मागंल."

मॅडम हसल्या. "आजोबा, आमच्यात अंगठा दोरीला लावतच न्हाईत. तीन बोटांवर काम हाय सगळं."

म्हातारबा विचारात पडले. म्हणाले, "मग हे त्या एकलव्याला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

माझी नात त्या पहिल्या दिवशी माझ्या पदराला धरून उभी होती. चौथीतली पोर, पण पाहुणे आले की दाराआड. शाळेत हजेरीला नाव पुकारलं तर 'हजर' म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. तिच्या आईबापानं तिला चित्रकलेला घातलं, सोडली. खोखोला घातलं, तिथं पोरींनी ढकललं म्हणून सोडलं. इथंही चार दिवसांत सोडेल असंच मला वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण हा खेळ तिला मानवला. इथं कुणी अंगावर येत नाही, कुणी ओरडत नाही, रेषेवर उभं राहायचं आणि आपलं आपण बघायचं. बोलायचं कामच नाही! मॅडमच्या शिट्टीवर सगळं. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की मगच बाण काढायला जायचं, त्याआधी रेषेपुढं पाऊल टाकलं तर मॅडम घरी पाठवायच्या.

पहिल्या आठवड्यात दोरीचा फटका बसून नातीच्या हातावर जांभळे वळ उठले. माझी सूनबाई, तिची आई, म्हणाली, "बास झालं आता." नातीनं वळावर स्वतःच खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. घरी खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती ओढत बसायची. ओढायची, हनुवटीखाली हात टेकवायची, श्वास धरायची, हळूच सोडायची. मी भाकरी थापताना मागं वळून बघितलं की हिचं चाललेलंच. मला इतकं बरं वाटायचं की सांगता येत नाही. या लेकराला काहीतरी धरून राहावंसं वाटलं, माझ्यासाठी तेवढंच लई होतं.

आता पटांगणाचं सांगते. त्याला मागच्या बाजूला कमरेइतकी भिंत हाय आणि भिंतीपलीकडं फळवाल्या चाचांचं अंगण. बाण मारायचे ते त्याच दिशेला. मधे फोमचं टार्गेट उभं केलेलं. त्याच्या मागं मातीचा उंच ढीग घालून द्या, असं मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, आणि ट्रॅक्टरवाला उद्या-उद्या करत होता. रोज बाण खाऊन खाऊन त्या फोमच्या मधोमध खड्डा पडला. नवीन सांगितलंय, येईल, असं चाललेलं. आणि एका संध्याकाळी नातीचा बाण बरोब्बर मधोमध लागला. लागला म्हणजे काय, त्या खड्ड्यातून आरपार गेला आणि भिंतीवरून पलीकडं.

पलीकडून बाईमाणसाची किंकाळी आली.

आम्ही सगळे पळालो. चाचांच्या अंगणात बाजेवर पपया मांडून ठेवल्या होत्या. त्यातल्या एका पपईत बाण उभा होता. चाचांच्या बायको, आमच्या भाभी, चुलीवरचं दूध उतू चाललं म्हणून नुकत्याच त्या बाजेवरून उठून आत गेल्या होत्या.

कुणाला काही लागलं नाही. पण चाचा सकाळी शाळेत गेले, आणि जायलाच पाहिजे होतं त्यांनी. हेडमास्तरांनी पटांगण बंद केलं. ते मॅडमना म्हणाले, "मागं माती पाहिजे, आणि पुढं बाण अडंल असं टार्गेट पाहिजे. मला समोर दाखवा, मग उघडतो. तोवर न्हाई."

पोरं ती पोरंच. गल्लीत नात दिसली की ओरडायची, "पपई आली, पपई!" एकानं तोंडावर सांगितलं, "तुझ्यामुळं बंद झालं सगळं." तिनं खिडकीची ट्यूब सोडून माझ्या ट्रंकेमागं टाकली. जेवताना मान वर करीना. एकदा मी विचारलं, "का गं, मॅडमकडं जाऊन येऊ का आपण?" तर म्हणाली, "आज्जी, भाभी बसलेल्या असत्या तर?" प्रश्न बरोबरच होता.

मग मी एकटीच चाचांकडं गेले. हातात काय न्यावं कळेना, शेंगदाण्याचे लाडू नेले. भाभींनी बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "अम्मा, मैं अब्बीच उठी थी वहाँ से. दिल अब्बी तक धडधड करता." मी त्यांचा हात धरला. मग त्याच म्हणाल्या, "पर बच्ची को कुछ नक्को बोलो. कित्ता बराबर मारी!"

चाचा म्हणाले, "अम्मा, मी खेळाची तक्रार केलती असं समजू नका. आमच्या अंगणात बाण यायला नको, एवढंच. पोरं खेळू द्या की." आणि मला एक पपई दिली. बाणाची नव्हे, दुसरी.

चाचांनीच मग ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. तो आम्हाला उद्या म्हणायचा, चाचांना नाही म्हणू शकला नाही, दोघांचं रोजचं चहाला बसणं. दोन दिवसांत भिंतीपुढं माणसाहून उंच मातीचा बांध पडला. राहिलं टार्गेट. नवीन फोम अजून वाटेतच होता. गडीमाणसांनी डोकं चालवलं, ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या करकचून बांधू, बाण काय, गोळीसुद्धा जायची नाही. खरंच मोठ्या कष्टानं बांधलं त्यांनी. दोघं जण वर उभे राहून दोरखंड ओढत होते. उभं केल्यावर पिंपाएवढं दिसत होतं. उद्या हेडमास्तरांना दाखवू म्हणून तिथंच ठेवलं.

सकाळी बघतो तर नुसतं दोरखंड! शेजारच्या आक्काची म्हैस दावं तोडून रात्रभर तिथंच रवंथ करत बसलेली.

गडी आक्कावर खेकसले. आक्का काय ऐकून घेणारी बाई नाही. म्हणाली, "म्हैस हाय ती! तिला कावून दोष देता? तुमी वैरण उभी करून ठेवली, तिनं खाल्ली. दगडाचं करायचं होतं!" सगळं गाव हसलं. नात तेवढी हसली नाही.

त्या दुपारी मी गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. एक उसवली म्हणून शिवायला घेतली. जुनी गोधडी, लुगड्यावर लुगडं, ठिगळावर ठिगळ. सुई शिरता शिरेना. अंगठ्यानं रेटते, नातीच्या पाटीनं रेटते, अर्धीच जाते. मनात आलं, हिच्यात सुई अडते, तर बाण किती जाईल? तशीच उठले आणि मॅडमकडं गेले. त्यांनी गोधडी चिमटीत धरून बघितली. म्हणाल्या, "एकीनं न्हाई व्हायचं, आज्जी. दहा-बारा पाहिजेत, एकावर एक, घट्ट. पोकळ राहिली की बाण आरपार."

दहा-बारा गोधड्या म्हणजे काय लई मोठं काम नाही, बायका पाहिजेत. रोज दुपारी शाळेच्या लिंबाखाली बसायला लागलो. कुणी विटलेलं लुगडं आणलं, कुणी दादल्याचं धोतर, कुणी पोराचा फाटका गणवेश. भाभींनी चाचांची बारदानं आणली, ती बाहेरच्या बाजूला लावायला. विहारामागच्या गल्लीतल्या एका मावशींचा टाका रेघेसारखा सरळ, कडा सगळ्या त्यांनी धरल्या. हात चालायचे तशी तोंडं चालायची. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या जावयाचं काय, सगळं त्या टार्गेटात शिवलं गेलंय, आता बाण मारा त्याला!

आमच्याकडं गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतात, तिचं पोट रिकामं राहू नये म्हणून. शेवटची शिवताना मी भाकरी काढली. मावशी म्हणाल्या, "हिला कशाला? ही काय कुणी पांघरणार हाय?"

आक्का म्हणाली, "घाला की. नुसते बाण खाऊन किती दिवस काढंल बिचारी?"

"तुझ्या म्हशीला वास आला म्हणजे?" मी म्हटलं.

"तिला आता कपडे आवडत न्हाईत," आक्का म्हणाली. भाकरी घातलीच आम्ही.

सगळ्या एकावर एक रचून गड्यांनी पायानं दाबल्या, दोरखंडानं आवळल्या आणि लाकडाच्या चौकटीत उभं केलं. हेडमास्तर आले. चाचांनी अंगण रिकामं करून कडी लावली आणि भाभींना घेऊन इकडं आमच्यात येऊन उभे राहिले. नातीला मी काय सांगून आणलं ते विचारू नका, पण आणलं.

मॅडमनी धनुष्य तिच्याच पुढं धरलं. ती मागं सरली. मॅडम खाली बसून तिला म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा बाण अडला तर तुला पटायचं न्हाई. रात्री परत तेच डोक्यात येईल. म्हणून तूच मार."

नात रेषेवर गेली. दोरी ओढली आणि बाण न सोडताच धनुष्य खाली घेतलं. मागून एक पोरगं म्हणालं, "आता कलिंगड फोडती बघा."

भाभी गर्रकन वळल्या. "फोडने दे! तेरे बाप को बेचूंगी मैं वो!"

नातीनं भाभींकडं बघितलं. भाभींनी नुसती मान हलवली, मार म्हणून. तिनं पुन्हा ओढली. हात हनुवटीखाली टेकला. माझा श्वास मी धरला, तिचा तिनं.

भप्प, असा आवाज आला. उशीवर बुक्की मारावी तसा.

तीन शिट्ट्या झाल्यावर हेडमास्तर मागच्या बाजूला गेले, हातानं चाचपून बघितलं. चाचांनीही बघितलं. बाणाचं टोक कुठंच बाहेर नव्हतं. पुढं येऊन हेडमास्तरांनी बाण ओढला, तो निघेना. दोन्ही हातांनी ओढला, निघेना. बायका पदरात हसायला लागल्या. नात पुढं झाली, एक हात गोधडीवर टेकवला, दुसऱ्यानं बाण मुळाशी धरून जरा फिरवला आणि काढला. मॅडमनी शिकवलेलं तसंच.

हेडमास्तर रुमालानं हात पुसत म्हणाले, "ठीक हाय. उद्यापासून चालू करा."

आणि ही माझी नात, जी हजेरीला तोंड उघडत नव्हती, सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाली, "उद्या कावून, सर? उजेड हाय की अजून."

हेडमास्तरांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग वर आभाळाकडं. मॅडमनी शिट्टी तोंडाला लावली आणि दोनदा वाजवली. पोरं रेषेवर पळाली.