मडक्यातलं माहेर

धुळ्यातल्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या सिक्लिड माशांच्या जोडीतला नर मादीला चावून बेजार करत होता. दुकानदाराने एका मडक्याला फक्त तीच शिरेल एवढं भोक पाडलं, अंगठ्याने कडा चाचपली आणि म्हणाला, "हाई तिनं माहेर शे, भाऊ. टाकीमा ठेवा."

आठवड्याने सांगायला गेलो, की मादी आपणहून बाहेर आली. तो हातातली जाळी तशीच धरून उभा राहिला.

"बाहेर कशी उनी? तुम्ही काय करं?" मग हळूच, "मनी बायकोबी साक्रीले, माहेरले शे. येतच नही."

मी काहीच केलं नव्हतं. त्याची कीव करावी, की त्या न पाहिलेल्या बाईला 'आतच राहा' म्हणून कळवावं, मला अजून उमगत नाही.