एकाच बारवेचं पाणी

मी आणि माझा थोरला भाऊ केरबा एकाच दिवशी फौजेच्या भरतीला गेलो. उस्मानाबादच्या मैदानावर आम्हाला लंगोटावर रांगेत उभं केलं होतं. पळायला लावण्याआधी डॉक्टर एकेकाला तपासत होते. केरबाच्या डाव्या घोट्याला चिंधी बांधलेली होती. हवालदारानं ती सोडायला लावली. खाली फुटलेला फोड होता आणि फोडातून पांढरा दोरा बाहेर आला होता.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नारू हाय, साहेब. आठ-पंधरा दिसांत निघून जाईल."

"अनफिट. नेक्स्ट."

त्याच्या मागं मीच होतो. नारू मलाही झाला होता, पण आदल्या उन्हाळ्यात. आता नुसता वण उरला होता. मी पास झालो.

आजच्या पोरांना नारू ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पाण्यातून तो पोटात जायचा आणि साधारण वर्षानं पायातून बाहेर पडायचा. हातभर लांब दोऱ्यासारखा जंत. रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळून ओढायचा. जिथं माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतात, तिथं तो पसरायचा. गावात आड होता. त्याचं पाणी वरून दोरानं शेंदायचं. तिथं आम्हा बौद्ध वस्तीतल्या लोकांना घागर टेकवू देत नव्हते. आमच्या वाट्याला शिवारातली जुनी बारव, पायऱ्यांची. वरच्या गल्लीत नारू क्वचित दिसायचा. आमच्यात असं घर नव्हतं जिथं तो आला नाही.

ट्रेनिंग सेंटरवर पहिल्याच आठवड्यात इंजेक्शन परेड झाली.

"बाह्या वर. हलू नका. पुढं चला."

ती कशाची इंजेक्शनं, हे नंतर आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी समजावलं. एक धनुर्वाताचं होतं. धनुर्वात कसा सुरू होतो, तेही सांगितलं. पाणी औषध टाकलेलं असायचं. पोटभर जेवण मिळायचं. गाव कुठलं, वस्ती कुठली, हे लंगरात जेवायला बसताना कुणी विचारलं नाही. माझं वजन वाढलं.

एकाहत्तरच्या लढाईत मी पश्चिम सीमेवर रेडिओ ऑपरेटर होतो. एका दुपारी आमच्या सेक्शनच्या लान्स नाईक बलबीरला तोफगोळ्याचा तुकडा लागला. पोटरी फाटली होती आणि जखमेत उसाच्या रानातली माती भरली होती. मी सेटवर बोललो.

"एक जखमी. पाय. चालता येत नाही. ओव्हर."

"गाडी निघाली. जखम झाका. ओव्हर."

गाडी आली. दोन-अडीच महिन्यांनी बलबीर परत हजर झाला. जरा लंगडायचा, एवढंच.

बहात्तरला आमच्याकडं पाऊस झालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी दोन महिन्यांच्या रजेवर घरी आलो. बारवेनं तळ गाठला होता. बाया चिखलात उतरून वाटीनं घागर भरायच्या. केरबा आणि सखू वहिनी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती खोदायला जात. तिथं मजुरांना खायला सुकडी, म्हणजे गोड भरड पीठ, वाटायचे. केरबाच्या उजव्या पायात पुन्हा नारू निघाला होता. ओढताना तो आतच तुटला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. जखमेवर त्यानं राख दाबली होती.

"दादा, दोन दिवस घरी बस."

"खाडा पडतो. मग सुकडी मिळत न्हाय."

"मी आहे की. माझा पगार आहे."

"तू जाशील परत. मुकादम दुसऱ्याला घिल." त्यानं पायाला चिंधी गुंडाळली आणि कुदळ उचलली.

त्यानंतर आठवडाभरानं सकाळी वहिनींनी मला हाक मारली.

"भावजी, ह्येंचं तोंड उघडंना."

मी जाऊन पाहिलं. जबडा बसला होता. चेहरा हसल्यासारखा ताणला गेला होता. उस्तादांनी सांगितलं होतं, ते हेच.

कामावर सुकडी टाकून परत निघालेला ट्रक मी रस्त्यात आडवा होऊन थांबवला. ड्रायव्हर भला माणूस होता. कळंबवरून त्यानं थेट उस्मानाबादला आणून सोडलं. प्रत्येक खड्ड्याला केरबाची पाठ धनुष्यासारखी वर उचलली जायची. त्याचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं. त्या त्याच्या कपाळाचा घाम पुसत होत्या.

दवाखान्यात त्याला एका खोलीत वेगळं ठेवलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, कारण उजेडानं आणि आवाजानं झटका येतो. डॉक्टर वयस्कर होते. हळू बोलत.

"यांना आधी कधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मी फौजेत आहे."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. जवळ होती ती सगळी औषधं त्यांनी दिली.

धनुर्वातात माणूस शुद्धीवर असतो. केरबाला सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी दात न उघडता तो बोलला, "सखूला आत यिऊ दिऊ नको." मी दाराशी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं. झटका आला. श्वास अडकला, तो सुटला नाही.

वहिनी दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं. 

"घरी न्यायला गाडी मिळंल का?" त्यांनी विचारलं.

"बघतो," म्हणालो आणि गाडी शोधायला गेलो. वाटेत युनिटला तार केली. भाऊ वारला, रजा वाढवावी. तार लिहून घेणारा काय बोलला ते आठवत नाही. ऊन फार होतं, तेवढं आठवतं.

दिवस झाल्यावर वहिनी पुन्हा मातीकामावर गेल्या. मुकादमानं केरबाच्या जागी त्यांना नवीन जोडीदार लावून दिला. मी युनिटला परतलो.

पुढं ऐंशीनंतर वस्तीत हातपंप आला. बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या. काही वर्षांनी नारू दिसेनासा झाला.

पंधरा ऑगस्टला शाळेत मला बोलवतात. लढाईत तुमचं कोण गेलं, असं पोरं विचारतात. आमच्या सेक्शनचे सगळे परत आले होते, हे मी सांगतो. मग केरबाचं नाव सांगतो. मास्तर जरा थबकतात, पण मला थांबवत नाहीत.

भरतीच्या तयारीला आम्ही दोघं रोज पहाटे कळंबच्या रस्त्यावर पळायचो. अनवाणी. केरबा माझ्या बराच पुढं असायचा. मैलाच्या दगडापाशी जाऊन थांबायचा आणि मी येईपर्यंत तिथंच उभा राहायचा.