यमुनाआज्जीचा चुडा

धारवाडला मळमड्डीतल्या त्या भाड्याच्या घरात सकाळची नेहमीचीच धांदल चालली होती. भारती तव्यावर दोसे घालत होती. तिचा नवरा अनिकेत एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत घरभर फिरत होता. आणि आज्जी मोरीजवळ पाटावर बसून दुधाची पिशवी उलटसुलट करून बघत होती.

"भारते, हे दूध गाईनं दिलंय का नळानं?"

"गाईनंच, आज्जी. पण गाय धारवाडची आहे."

"तरीच. शिकलेली दिसती. हातचं राखून देती."

आज्जी स्वतःच हसली आणि हसण्याचा खोकला झाला. या खोकल्यानंच तिला दिवाळीनंतर गावातून इथं आणलं होतं. जन्मभर चुलीचा धूर गिळलेली छाती. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि गोळ्या लिहून दिल्या, फार काही बोलले नाहीत. भारतीचे आईवडील दोघंही गेलेले. म्हाताऱ्या यमुनेला या नातीशिवाय कुणी नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कडी वाजवणारा माणूस गावाकडचाच. भारतीनं दार उघडलं तर पुंडलिककाका, आजोबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. अळणावरपलीकडून पहाटेची बस धरून आलेला. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा.

"या की आत. दोसा गरम आहे."

"नको."

"चहा तरी घ्या, काका."

"पाणीबी नको, पोरी. आदी बोलतो. काकी कुटं हाय?"

भारतीनं मागं बघितलं. आज्जी उठून देवापुढं वात करायला बसली होती. भारती बाहेर आली आणि तिनं दार ओढून घेतलं.

काकानं मोबाईल पुढं केला. गावातला एक जण गोव्यात फरशी बसवायच्या कामाला गेला होता. फोंड्याकडच्या एका घरात भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला. चेहरा हुबेहूब भारतीच्या वडिलांचा, फक्त म्हातारा. खाली नाव, नागोजी, तिच्या आजोबांचंच, आणि वारल्याची तारीख. चौदा वर्षांपूर्वीची.

"दुसरं घर केलं हुतं त्यानं तितं. बायको हाय, दोन ल्योक हायत. इचारून खात्री केली." काका मान खाली घालून बोलत होता. "भावकी बसली काल. उद्या काकीला नदीवर न्यायचं, जे काय असंल ते रीतसर करायचं म्हणाले. बायका लई खवळल्यात, भारती."

बायका का खवळल्यात हे भारतीला विचारावं लागलं नाही.

नागोजी खाणीवर काम मिळतंय म्हणून अळणावरला गाडीत बसला तेव्हा भारतीचे वडील अंगावर पीत होते. पहिली दोन वर्षं तो सणाला आला, मग आलाच नाही. यमुनेनं पोराला झोळीत टाकलं आणि दुसऱ्याच्या शेतात भाताची लावणी केली. पावसाळा सरला की रानातून सरपण तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन अळणावरच्या खानावळींना घालायचं. मानेवर त्या मोळीचा घट्टा पडला होता. लहानपणी भारती त्याच्यावर बोट फिरवत झोपायची. मंगळवार-शुक्रवार अंगात ताप असला तरी आज्जी यल्लम्माचा उपास मोडत नसे, आणि सौंदत्तीला जायचं म्हटलं की दुखतं-खुपतं सगळं विसरत असे.

एक गोष्ट तिनं कधी होऊ दिली नाही. हात रिकामा राहू दिला नाही. लावणीच्या चिखलात, मोळीच्या ओढाताणीत काच टिकणार कशी? पण बांगडी वाढली की त्याच दिवशी ती कासाराच्या दारात. रात्री मडकं पालथं असेल, मनगट हिरवंगार.

बारा वर्षं झाल्यावर भावकीतले म्हातारे आले. गवताचा माणूस करून जाळू, क्रिया करू, तू कुंकू पूस. यमुना त्यांना म्हणाली होती, "गवताला जाळून माणूस मरतो व्हय? यल्लम्माआईचं कुंकूसुदिक मार्गशीर्षात नवरा गेला की उतरतंय आन् तो उठला की परत चढतंय. मी का घाई करू?"

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. उलट झालं असं की नवरा नसताना पोर वाढवलेली ही बाई गावाला भाग्याची वाटायला लागली. तिचा हात लागला की पोर तगतं, असं बायका बोलायच्या. हळद कांडायला यमुनाक्का, सवाष्ण जेवायला यमुनाक्का, गरोदर पोरीची पहिली ओटी भरायला यमुनाक्का. गेली चौदा वर्षंसुद्धा.

"कुणाचं पोर गेलं, कुणाची सून तशीच राहिली, सगळं आता काकीच्या हातावर घालाय लागल्यात," काका म्हणाला. "मी नुसता निरोप्या, बाई."

"आज्जीला चार पावलांत धाप लागते, काका. नदीवर कसली नेता? मी नाही पाठवणार. आणि हे तिला सांगायचंही नाही."

"याक गं? का न्हाई सांगायचं?"

दार आतून उघडलं होतं. आज्जी चौकटीला धरून उभी होती.

"पुंडल्या, तू आन् चहाला नको म्हणतोस? तवाच कळलं मला. कवा गेला?"

काकानं सांगितलं. सगळंच सांगितलं, त्याला थांबता येईना. दुसऱ्या बायकोचं ऐकून आज्जीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"जवळ कोन हुतं?"

"पोरं हुती म्हनं."

"बरं झालं," ती म्हणाली. मग किती वर्षं झाली ते तिनं पुन्हा विचारलं. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकायला लागला. ओठ हलत होते. कुणाकुणाची नावं घेत होती कोण जाणे. अंगठा एकदम थांबला आणि तिनं भारतीकडं बघितलं.

"तुझी ओटी मी भरली हुती."

भारतीचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

"आज्जी, माझं बीपी वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला? तुझ्यादेखत सांगितलं."

"सांगितलं हुतं."

"मग?"

"व्हय, सांगितलं हुतं," आज्जी म्हणाली, आणि त्या म्हणण्यात विश्वास कुठंच नव्हता. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आतून अनिकेतनं हाक मारली, तव्यावरचा दोसा जळाला होता.

"मी जाणार," आज्जी म्हणाली. "त्या पोरींच्या म्होरं जायाला पायजे मला. काय बोलायचं ते बोलू देत."

"बोलून थांबणार नाहीत त्या. अंबूताईचे हात विसरलीस?" अंबूताई म्हणजे गावातली शेजारीण. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी बांगड्या फोडायला नदीकाठच्या दगडावर तिची मनगटं आपटली होती आणि पाणी लाल झालं होतं. भारती तेव्हा शाळेत होती.

"न्हाई विसरले."

आज्जी खाली बसली, उंबऱ्यावरच. मग हात पदराखालून बाहेर काढून तिनं मांडीवर ठेवले.

"ह्यातली एक बांगडी त्यानं भरलेली न्हाई, भारती. सगळ्या माज्या मोळीच्या हायत." तिनं हात पुढं केले. "तितं त्या फोडतील. तू हितंच काड. साबण लाव, हळू काड. एकबी फुटू देऊ नको."