आतोबांच्या टायरांतली हवा

सर्व सुज्ञ वाचकांनी क्षणभर हातातली कामे बाजूला ठेवावीत, कारण विषय गंभीर आहे. महाड ते पोलादपूर या मुलखात हवेचा विचार आमच्या आतोबांइतका खोलवर आजवर कोणीही केलेला नाही. हवा म्हणजे पावसापाण्याची नव्हे. लॉरीच्या टायरांतली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. माझे ऐकून सारा बाजार त्यांना आतोबाच म्हणे. आत्या गेली, दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत लागले, आणि घरात उरले आतोबा, एक मांजर आणि दारातली लॉरी. यांतल्या लॉरीशी ते सर्वांत जास्त बोलत. तशात कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मुंबईहून मोठे टायर मागवून चढवले. लॉरी वीतभर उंच झाली आणि आतोबांची झोप गेली. जुन्या टायरांएवढी हवा भरली तर लॉरी टणाटणा उडे. कमी केली तर टायर बसके दिसत आणि चढ चढून गेल्यावर हात लावला की चटका बसे. बरोबर हवा कोणती, हे ठरवायचे कसे? आतोबांनी तोड काढली. लॉरीत माणसे बसवायची, पोलादपूरला जाऊन यायचे, आणि त्यांनाच विचारायचे.

मग रोज सकाळी ते बाजारात उभे राहून उतारू नव्हे, साक्षीदार गोळा करू लागले. भाडे नाही, उलट पोलादपूरला पोचल्यावर आत्याच्या मोठ्या पातेल्यात सगळ्यांना चहा. वाटेत प्रत्येक मोरीपाशी लॉरी थांबे. आतोबा उतरत, टायरला अंगठा दाबत, कान लावत आणि नाडी बघणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्याने एकेकाला विचारत, "कंबर काय म्हणते?" एकाने 'बरी हाय' म्हटले की आणखी हवा मारून बघत, दुसऱ्याने 'मोडली' म्हटले की सोडून देत. दोघेही एकाच फळीवर बसलेले असत. सुकट विकणारी चंद्राबाई एकदा म्हणाली, "आतोबा, माझी सुकट पाटीत उड्या मारतेय. परत जित्ती झाली का काय, बघा तरी." माझी कंबर तर सवच्या गरम पाण्याच्या कुंडात शेकून शेकून मऊ भातासारखी झाली होती.

शेवटी मी म्हणालो, "आतोबा, माणसं कशाला? भाताची पोती भरा. वजन तेच."

"पोत्याला कंबर असते काय रे?" आतोबा म्हणाले. "ते मला सांगंल काय?"

सबंध थंडी अशी गेली. मग एका रविवारी शाळेतले मास्तर साक्षीदारांत सापडले. त्यांची कंबर आधीच एकदा साक्ष देऊन आली होती. बाजारातून लॉरी निघण्याआधीच त्यांनी खिशातून खडू काढला आणि मागच्या एका टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढली. "आता थोडी पुढे घ्या. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. सारखी पुसली की बरोबर."

रेघ मधेच पुसली. हवा सोडली, पुन्हा रेघ ओढली, पुन्हा लॉरी हलवली. असे होता होता एकदाची रेघ सगळीकडे सारखी पुसट झाली. आम्ही भर बाजारात टाळ्या वाजवल्या. कमरा सुटल्याचा तो आनंद होता.

आतोबांनी टाळी वाजवली नाही. पंपाचा दांडा धरून ते त्या रेघेकडे बघत राहिले.

"चला, सुटला प्रश्न," मास्तर म्हणाले.

"हां. सुटला." आणि मग, टायरलाच सांगावे तसे, आतोबा हळूच म्हणाले, "म्हंजे उद्यापास्नं कुणी यायची गरज नाय."

टाळ्या थांबल्या. मास्तर खडूकडे बघू लागले, मी माझ्या वहाणांकडे. लॉरीत मागे ते मोठे पातेले घासूनपुसून ठेवलेले होते. चंद्राबाई मात्र पाटी सावरत फळीवर चढून बसली आणि तिथूनच बोलून गेली, "मास्तर, खडू टाकू नका. अजून तीन टायर ऱ्हायलेत."