महिपतने ठोकलेलं छत

कापडे गावाच्या वरच्या वाडीत महिपतचा कान म्हणजे सरकारी शिक्का. जत्रेत कलिंगड घ्यायचं तरी लोक त्यालाच पुढे ढकलत, आणि तोही मोठ्या तोऱ्यात टिचकी मारून निकाल देई. पण त्याचं खरं काम बोगद्यातलं. सुरुंग उडाले की एका हातातल्या पहारीने वरचा खडक ठोकायचा आणि दुसरा तळवा खडकालाच लावून ठेवायचा. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर आतून सुटलेला, पाडून टाकायचा. पंचवीस वर्षांत त्याने पक्कं म्हटलेल्या छतातून कुणाच्या अंगावर खडासुद्धा पडला नव्हता. हे तो इतक्यांदा सांगे की ऐकणारे जांभया देत. वाडीतलाच गोमाजी, त्याचा पहिल्या बोगद्यापासूनचा जोडीदार, तेवढा प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखी मान डोलवायचा.

दोघंही काम सोडून घरी बसले होते, तेव्हा डोंगरातली जुनी खाण पुन्हा उघडायचं निघालं. तिची भुयारं पन्नास वर्षं पाण्यात बुडालेली. ठेकेदाराने महिनाभर पंप लावून पाणी उपसलं, आणि पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बोलावण्यावरून महिपत पहार घेऊन आत शिरला. गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने चाळीस पावलं छत ठोकलं. इतका खणखणीत आवाज त्याने नव्या बोगद्यातही ऐकला नव्हता.

खडक तपासायला महाडची एक इंजिनियर होती, श्रिया. ती म्हणाली, "काका, एवढ्यात पक्कं म्हणू नका. फटी अजून पाण्याने भरलेल्या आहेत, आणि भरलेली फट अखंड खडकासारखी वाजते. पाणी निथळलं की खडक सुटायला लागेल. दहा दिवस थांबू, परत ठोकू, खडक धरून ठेवायला छतात लोखंडी बोल्ट मारू, मगच माणसं आत."

महिपतला ते झोंबलं. "ताई, तुमच्या जन्माआदीपासून ही पहार माज्या हातात हाय," तो चारचौघांत म्हणाला. "छत पक्कं हाय." बुडालेल्या भुयारात आपण आयुष्यात पहिल्यांदाच उभे आहोत, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. माणसाला अभिमान चढला की दुसरं काय होणार!

ठेकेदाराला असलाच शब्द हवा होता. सहाव्या दिवशी श्रिया बोल्ट आणायला गेली होती, तेवढ्यात त्याने चिखल काढायला माणसं बोलावली. बाकीचे खाणीच्या तोंडाशी घुटमळले. गोमाजी फावडं घेऊन सरळ आत गेला. तासाभरात खाटेएवढा खडक खाली आला.

गोमाजीला बाहेर काढल्यावर महिपत पहार घेऊन परत आत धावला आणि शेजारचं छत ठोकलं. बद्द. दोन पावलं पुढे ठोकलं. तिथेही बद्द. लोकांनी त्याला ओढून बाहेर आणलं.

चौकशी ठेकेदाराची झाली. महिपतला कुणी काही विचारलंच नाही, त्याचं नावही कुठल्या कागदावर आलं नाही. कुणीतरी शिवी द्यावी, थोबाडीत मारावी म्हणून तो आतल्या आत तडफडत होता. गोमाजीच्या बायकोला, ठमाबाईला, सगळं सांगून टाकायचं म्हणून तीनदा तिच्या अंगणापर्यंत गेला आणि माघारी वळला. तेरावं उरकल्यावर मात्र जाऊन तिच्यासमोर बसला.

"वयनी, छत पक्कं हाय म्हनून मीच बोललो व्हतो. ती पोरगी थांबा म्हनत व्हती, मी आयकलं नाय. गोमाजी माज्यामुळं गेला."

ठमाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"मला म्हायत हाय, भावजी," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी नका जाव म्हनून मी दारात आडवी झाले व्हते. ते हसले. म्हनले, काय गो, महिपतनं ठोकलंय ना? तुमचं नाव आयकलं, आनि मीच दारातनं बाजूला झाले."